रॅम्प, लिफ्ट, ब्रेलच्या पाट्या झाल्या. विद्यापीठ दिव्यांगांसाठी सोयीचं करायला आणखी काय करावं?

रॅम्प झालाय तर एकदा टेप लावून मोजा. चढ 1:12 पेक्षा जास्त नको, म्हणजे 2 फूट उंचीला 24 फूट लांबी. एवढं सांगून मुद्द्यावर येते, कारण तुमच्या प्रश्नात कर्णबधिरांचं नावसुद्धा नाही.

मला दोन्ही कानांना मशीन आहे. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात दोन्ही कानांची श्रवणहानी 60 ते 70 डेसिबल असेल तर कमी ऐकू येणाऱ्यांचा गट, 70 च्या पुढे असेल तर बधिरांचा. मी पहिल्यात. ठाण्यात एम.कॉम.च्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा होती. वर्ग रस्त्याला लागून, रिक्षांचे हॉर्न, डोक्यावर खडखडणारा पंखा. बाहेरून आलेले परीक्षक मान खाली घालून, माझी फाइल चाळत प्रश्न विचारत होते. ओठ दिसले नाहीत की माझं निम्मं ऐकणं तिथंच संपतं. म्हटलं, "सर, प्रश्न कागदावर लिहून द्याल का?"

"मशीन आहे ना कानाला?"

शेजारी आमच्या विभागप्रमुख मॅडम. त्या हसून म्हणाल्या, "अगं, मोठ्यानं बोलतायत की ते!"

मशीन आवाज वाढवतं, शब्द सुटे करून देत नाही. पंखाही वाढवतं. चष्मा लावला की दिसायला लागतं, तसं हे नाही. त्यांनी घसाऱ्याचं विचारलं, मी नफ्यावर बोलत सुटले. गुण गेले ते गेले, वर "तयारी करून यायचं असतं" हेही ऐकवलं. ते मात्र स्पष्ट ऐकू आलं.

तेव्हा बांधकाम पुरे, आता प्राध्यापकांकडे वळा. फळ्याकडे तोंड करून शिकवायचं नाही. मागच्या बाकावरून कुणी शंका विचारली तर ती आधी स्वतः पुन्हा सांगायची. व्हिडिओला सबटायटल्स हवेत. आणि तोंडी परीक्षेत मागितला की प्रश्न लेखी मिळालाच पाहिजे, परीक्षकाच्या मर्जीवर नाही. कायद्याच्या कलम 17 मध्ये परीक्षापद्धतीत योग्य बदल करण्याचं आहे; जादा वेळ, लेखनिक ही नुसती उदाहरणं. मॅडम आता निवृत्त झाल्यात, पण त्यांच्या खुर्चीत जे कोणी असेल त्यांना हे कलम वाचून दाखवा. मोठ्यानं.

हे सगळं अर्थात माझ्यासारख्या बोलणाऱ्यांपुरतं. सांकेतिक भाषा वापरणाऱ्या मुलांचं यानं भागणार नाही आणि ती भाषा मला येत नाही. त्यांनाच समितीवर घ्या, दुभाष्यासकट.