रॅकेटबॉलबद्दलचे तुमचे प्रश्न

रॅकेटबॉल म्हणजे बंद खोलीसारख्या कोर्टात रॅकेटने चेंडू भिंतीवर मारायचा खेळ. अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या, तिथल्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये वा विद्यापीठाच्या जिममध्ये तो पहिल्यांदा पाहिलेल्या वाचकांकडून तेच ते प्रश्न येत राहतात. म्हणून ही उत्तरं एकत्र.

प्रश्न: रॅकेटबॉल म्हणजे मोठ्या चेंडूचं स्क्वॉशच ना?

नाही. कोर्ट 20 फूट रुंद आणि 40 फूट लांब असतं, छतही खेळात धरतात आणि समोरच्या भिंतीला टिन (स्क्वॉशमध्ये तळाशी असते ती पट्टी, तिला चेंडू लागला की गुण जातो) नसतो.

प्रश्न: हा खेळ शोधला कोणी?

जो सोबेक यांनी, 1950 च्या सुमारास, कनेक्टिकटमधल्या ग्रीनिचच्या वायएमसीएत. कोर्ट हँडबॉलचं (हाताने चेंडू भिंतीवर मारायचा खेळ), रॅकेट त्यांनी स्वतः आखलेली.

प्रश्न: सत्तरच्या दशकात एवढा गाजलेला खेळ एकदम कसा बसला? लोकांना कंटाळा आला म्हणतात.

ही ऐकीव गोष्ट आहे. वायएमसीए आणि ज्यू समाजकेंद्रांत हँडबॉलची कोर्टं तयार होती आणि नवख्यालाही पहिल्याच दिवशी रॅली जमायची, म्हणून खेळ झपाट्याने पसरला. मग क्लबमालकांनी धडाधड कोर्टं बांधली. पण 800 चौरस फुटांत फार तर चार माणसं खेळणार! एरोबिक्सची लाट आल्यावर त्याच जागेत वर्गभर सभासद मावू लागले, व्यायामाची यंत्रं बसू लागली आणि कोर्टं गेली. खेळाडू होतेच, त्यांच्या पायाखालची जागा काढून घेतली. मुलांना शिकायला कोर्टच उरलं नाही, तर पुढची पिढी येणार कुठून? तुमच्या कॉम्प्लेक्समधलं कोर्ट मोडायचं घाटत असेल, तर व्यवस्थापनाला आत्ताच लेखी कळवा. यंत्रं बसल्यावर कोणी ऐकत नाही.

प्रश्न: एक अकादमी 'ऑलिम्पिकसाठी रॅकेटबॉल' म्हणून भरमसाट फी मागतेय. मुलीला घालू का?

रॅकेटबॉल ऑलिम्पिकमध्ये नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 1985 मध्ये रॅकेटबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला मान्यता दिली. मान्यता म्हणजे प्रवेश नव्हे, आणि जाहिरातवाले नेमकं हेच गाळतात. 2028 च्या लॉस एंजेलिसमध्ये स्क्वॉश आहे, हा खेळ नाही. खेळ म्हणून मात्र मुलीला जरूर शिकवा. पहिली जागतिक स्पर्धा 1981 मध्ये कॅलिफोर्नियात झाली, 1995 पासून पॅन अमेरिकन स्पर्धांत हा खेळ आला (2007 चा अपवाद). अमेरिकेत कोर्टं कमी होत असताना मेक्सिको आणि बोलिव्हिया पुढे सरसावले. मेक्सिकोच्या पाओला लोंगोरियाने 2011, 2015 आणि 2019 अशी लागोपाठ तीन पॅन अमेरिकन एकेरी सुवर्णं जिंकली. तिचे सामने मुलीला दाखवा. पैसे भरण्याआधी राष्ट्रीय संघटनेकडे चौकशी करा.

प्रश्न: पुण्यातल्या स्क्वॉश कोर्टवर खेळता येईल?

त्या कोर्टसाठी ब्रिटनमध्ये 1976 साली वेगळा खेळ निघाला, आता त्याला स्क्वॉश 57 म्हणतात. तो खेळा. चेंडू आणि रॅकेट कुठली चालेल ते क्लबच्या कोचला विचारा.

प्रश्न: माझा नंबरचा चष्मा आहे. मित्र म्हणतो बिनकाचेची फ्रेम पुरते. गेल्या आठवड्यात डोळ्याला चेंडू लागला. आता दुखत नाही, पण काळे ठिपके तरंगताना दिसतात.

पुढचं नंतर वाचा, आधी आजच नेत्रतज्ज्ञाला दाखवा. दुखत नाही म्हणजे डोळा ठीक आहे असं नव्हे. मार लागल्यावर पडदा फाटू शकतो, सुटूही शकतो आणि तेव्हा दुखतच नाही. ठिपके, प्रकाशाचे झोत, कडेने सावली सरकणं, यातलं काहीही दिसलं तर एक दिवसही थांबू नका.

आता फ्रेमचं. जोरात आलेला चेंडू भिंतीवर आपटल्यासारखा चपटा होतो आणि बिनकाचेच्या फटीतून आत घुसून थेट बुबुळावर बसतो. त्या फ्रेम याच कारणाने बाद झाल्या. नंबरचा साधा चष्मा तर फुटून तुकडे डोळ्यातच जातील. 'मी मागे वळून बघत नाही' हे मला सांगू नका. दुहेरीत जोडीदाराची रॅकेटही लागते. दुकानात 'स्पोर्ट्स' लिहिलेला कुठलाही गॉगल गळ्यात मारतात. त्यावर एएसटीएम एफ3164 (रॅकेटच्या खेळांच्या चष्म्यांचं अमेरिकी मानक, आधी ते एफ803 होतं) असं लिहिलंय का आणि काच पॉलिकार्बोनेटची आहे का, हे स्वतः बघा. तुमचा नंबर त्यात बसवून मिळतो. डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय कोर्टवर पाऊल ठेवू नका.

प्रश्न: रॅकेटची दोरी मनगटाला बांधायलाच हवी का?

हो, नियम आहे. जुनी रॅकेट घेतली असेल तर दोरी आधी बदला.