आजोबांच्या ट्रंकेतला नकाशा

प्रश्न: माझे आजोबा नागपूर-नागभीड छोट्या लाईनवर गँगमन होते. घर आवरताना त्यांच्या ट्रंकेत कापडावर चिकटवलेला नकाशा सापडला, वर ५५ पी/५ लिहिलंय, छपाई १९५५ची. त्यात उमरेड आहे, आमचं स्टेशनही आहे. पण गावामागचा तलाव नाहीच! आजी म्हणते १९५० ला तिने स्वतः त्या बांधावर माती टाकली. नकाशा चुकलाय का?
– एक वाचक, नंदनवन, नागपूर

उत्तर: चुकला नाही हो. ५५ पी/५ हा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाचा क्रमांक. छपाईचं साल वेगळं आणि सर्व्हेचं साल वेगळं, समासातलं बारीक अक्षर भिंग घेऊन वाचा, सर्व्हे कधी झाला ते तिथे लिहिलेलं असतं आणि तो छपाईच्या कितीतरी वर्षं आधीचा असू शकतो. म्हणजे तुमच्या हातात तलाव व्हायच्या आधीचं गाव आहे, मला तर हे जास्तच मोलाचं वाटतं.

आता तलावाच्या जागी काय आहे ते बघा. नाल्याची काळी रेघ असेल तर तो उन्हाळ्यात आटायचा, बारमाही पाणी निळं दाखवतात. तपकिरी रेघा उंचीच्या, त्या काळात फुटात. जवळजवळ आल्या की चढ. दुसऱ्या एखाद्या तलावाच्या बांधाजवळ आकडा आणि पुढे 'आर' दिसला तर तो बांध आजूबाजूच्या जमिनीपेक्षा तितका उंच. 'उमरेर' वाचून दचकू नका, ड साठी आर लिहायची ती जुनी पद्धत.

एक इंच म्हणजे एक मैल. स्टेशनपासून गावापर्यंत तुटक लाल पायवाट असेल तर तिच्यावर दोरा ठेवून मोजा, आजोबा रोज किती चालायचे ते कळेल. ती अडीच फूट रुंद रुळांची छोटी लाईन २०१९ ला ब्रॉडगेजसाठी बंद झाली, त्यामुळे जुना रूळ कुठून जायचा हे पुढे अशा कागदावरच बघायला मिळणार.

लॅमिनेशन मात्र अजिबात करू नका, प्लीज! घड्या हलक्या हाताने उघडा, सपाट ठेवा, चांगला स्कॅन करून घ्या. वर ट्रेसिंग पेपर ठेवा, आजीला शेजारी बसवा, माती कुठून आणली, विहीर कुठली, गँगखोली कुठे होती ते विचारा आणि पेन्सिलने त्या ट्रेसिंग पेपरवरच लिहा.