पाचवा महिना आहे, घरमालक करार वाढवत नाही. 'अवे वी गो' या इंग्रजी सिनेमातल्या जोडप्यासारखं आम्हीही बाळ यायच्या आत नवं गाव शोधावं का? नांदेडला भाऊ बोलावतोय, पण संकोच वाटतो.

गाव बदला, पण सिनेमा बघून बदलू नका. आधी त्या दोघांच्या नोकऱ्या बघा. बर्ट फोनवरून विम्याचं काम करतो, व्हेरोना वैद्यकीय चित्रं काढते. कुठूनही काम चालतं, म्हणून तर कोलोरॅडो सोडून फिनिक्स, टूसॉन, मॅडिसन, माँट्रियल, मायामी असं हिंडणं जमलं. तुमच्या घरात दोघांचीही हजेरीची नोकरी आहे. तुमचं गणित वेगळं.

२००९ च्या या सिनेमाला सगळे विनोदी म्हणतात. बाबागाडीला विरोध करणारी मॅडिसनची बाई आहे, तिच्या घरात बर्ट तिच्याच पोराला बाबागाडीत घालून पळवतो, तिथे मीही पोट धरून हसले. काही समीक्षकांना हे जोडपं शिष्ट वाटलं. मला तसं अजिबात वाटलं नाही. माझ्या लेखी हा माहेर नसलेल्या बाईचा सिनेमा आहे. बर्टचे आईवडील ऐन वेळी दोन वर्षांसाठी बेल्जियमला निघतात याची चर्चा सगळे करतात. व्हेरोनाचे आईवडील मात्र कधीच वारलेत. टूसॉनला ती आणि तिची बहीण दुकानातल्या टबात बसून आईवडिलांबद्दल बोलतात. लग्नाला व्हेरोना नाही म्हणते, कारण लग्नात आईवडील नसणार. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुढचं वाक्य सोडा. शेवटी ती दोघं तिच्या आईवडिलांच्या बंद घरात राहायला जातात.

मीही तेच केलं होतं, हा सिनेमा पाहण्याच्या कितीतरी आधी.

आई माझ्या लग्नानंतर लवकरच गेली, बाबा त्याआधीच. साताऱ्याचं घर बंद होतं. आम्ही पुण्यात भाड्याने राहायचो. सातव्या महिन्यात मालकाने मुलाचं लग्न काढलं आणि फ्लॅट खाली करायला सांगितला. धायरी, वारजे, कर्वेनगर, सगळीकडे पोट सांभाळत जिने चढले. एका ठिकाणी तिसरा मजला, लिफ्ट नाही, पाणी टँकरचं. दुसरीकडे मालकीणबाईंनी तारीख कधीची विचारली आणि एजंटला बाजूला घेऊन सांगितलं की लहान मूल नको, खालच्या मजल्यावर आजारी माणूस आहे. माझ्यासमोर तरी बोलायचं होतं.

मग सांगलीच्या मावशीचा फोन. "आईशिवाय माहेर कसलं गं? मी आहे ना, माझ्याकडे ये." मनापासून बोलावत होती, त्याबद्दल शंका नाही. पण मावशीचे गुडघे गेलेले. तिच्या घरी पहाटे उठून पाणी तापवणार कोण, रात्री पोराला घेऊन फेऱ्या मारणार कोण? वहिनी, म्हणजे मावशीची सून. तिला स्वतःची दोन शाळेतली मुलं, वर नोकरी. तिला कुणीच विचारलं नव्हतं. मी तिला फोन केला तेव्हा ती "या ना ताई" म्हणाली आणि मग गप्प झाली. त्या गप्प होण्यावरून मी ठरवलं, साताऱ्याला जायचं.

"बंद घरात बाळंतीण ठेवतात का कुणी?" हे वाक्य मी त्या महिन्यांत सगळ्या नातेवाइकांकडून ऐकलं. बंद म्हणजे काय? कुलूपाला तेल घालावं लागलं, माळ्यावर उंदरांनी गाद्या फाडल्या होत्या, वायरिंग नवं केलं. नवरा शनिवार-रविवार एसटीने यायचा. पण मोरीत आईचा बुटका पाट होता, त्यावर पाय पसरून बसलं की बाळाला पायांवर आडवं घेऊन अंघोळ घालता येते, तांब्या बरोबर हाताशी येतो. अंग रगडायला येणाऱ्या बाईंनी मलाही लहानपणी त्याच पाटावर न्हाऊ घातलं होतं. शेक-शेगडी, वेखंडाची धुरी, अळिवाची खीर, सगळं त्या आणि शेजारच्या काकूंनी केलं. बाईंना पैसे दिले, काकूंना आधीच विचारलं होतं. कुणावर लादलं नाही.

मावशीचा राग आजही आहे. कुठल्याही कार्यात भेटली की "पोरीने हट्टाने बंद घरात बाळंतपण केलं" हे निघतंच. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे, की बोलावणारीने स्वतःच्या हातांनी करायचं असेल तरच बोलवावं. बर्टचे आईबाप स्वार्थी असतील, पण आम्ही करणार नाही हे त्यांनी तोंडावर सांगितलं. सुनेच्या जिवावर आमंत्रणं देण्यापेक्षा ते बरं.

आता थोडं सावधपणे. माझी तब्येत ठणठणीत होती, म्हणून हे जमलं. बीपी, शुगर किंवा आधीच्या खेपेला काही त्रास असेल तर आहे त्या डॉक्टरांपासून लांब जाऊ नका, घर त्याच भागात बघा. गाव बदलणार असाल तर तिथल्या डॉक्टरांना सातव्या महिन्याच्या आत दाखवा, फाइल सोबत न्या, नवजात बाळासाठी अतिदक्षता विभाग किती लांब आहे ते विचारा. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ ला झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातले ८ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. हलायचं तर या हिशेबाने हला. विमानाने जाणार असाल तर कंपनीचे नियम आधी बघा. सिनेमात सहाव्या महिन्यात व्हेरोनाला विमानात घेत नाहीत, ट्रेनने जावं लागतं.

नांदेडला भाऊ बोलावतोय पण संकोच वाटतो, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. भावाला काही विचारू नका. भावजयीला फोन करा, तोही भाऊ घरात नसताना, आणि सरळ विचारा की तुला झेपेल का, बाई लावली तर चालेल का, पैसे मी दिले तर राग येईल का. ती "या ना" म्हणाली तर त्यानंतर ती किती वेळ आणि काय बोलते, ते नीट ऐका.