सरकारी दवाखाने सुधारायचे तर नुसत्या नवीन इमारती बांधून भागेल का?

तुम्ही विचारलंय की तुमच्या तालुक्यात ग्रामीण रुग्णालयाची नवीन इमारत मंजूर झालीय, गावात सगळे खूश आहेत, पण एवढ्याने सरकारी आरोग्य व्यवस्था खरंच मजबूत होते का, की अजून काही लागतं. मी जिल्हा परिषदेत औषध निर्माण अधिकारी होते, २१ वर्षं, तीन वेगवेगळ्या पीएचसीत म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रांत. डॉक्टर नाही, इंजिनिअर नाही, स्टोअरची किल्ली माझ्याकडे असायची, त्यामुळे जे सांगतेय ते तिथून जसं दिसलं तसं.

इमारत लागतेच. गळक्या छताखाली ओआरएसची खोकी ताडपत्री टाकून वाचवलीयत मी, त्यामुळे नवीन बांधकामाला नाक मुरडणार नाही. पण माझ्या दुसऱ्या पीएचसीला नवीन इमारत मिळाली तेव्हाची गोष्ट ऐका. प्रसूतीगृह छान, भिंतींना वरपर्यंत टाइल्स, नवीन टेबल, बेबी वॉर्मर, उद्घाटन झालं, आणि फेब्रुवारीत बोअरची मोटर जळाली. बांधकामवाले म्हणाले इमारत ताब्यात दिली, आता आमचं काम नाही, ग्रामपंचायत म्हणाली दवाखाना आमचा नाही, वरून उत्तर आलं की दुरुस्तीचं अंदाजपत्रक पाठवा. १९ दिवस पाणी नव्हतं. पाण्याशिवाय बाळंतपण करायचं कसं? आमच्या सिस्टर बायांना ३४ किलोमीटरवर रेफर करत राहिल्या आणि त्यातली एक बाई वाटेत जीपमध्येच बाळंत झाली. ती आणि बाळ दोघं ठीक आहेत, पण त्या रात्रीचा विचार आला की आजही माझ्या पोटात गोळा येतो. शेवटी रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून मोटर भरून आणली, खर्च आला साडेअकरा हजार. कोट्यवधीची इमारत साडेअकरा हजारांसाठी बंद होती.

म्हणून माझं उत्तर असं की बांधायला पैसा एकदा मिळतो, चालवायला दर महिन्याला लागतो, आणि आपल्याकडे सगळी ओढाताण त्या दुसऱ्या पैशाची आहे. पीएचसीला अनटाइड फंड (म्हणजे गरजेप्रमाणे खर्चायचे मोकळे पैसे), देखभाल आणि रुग्ण कल्याण समिती असं सगळं धरून राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला पावणेदोन लाखांच्या आसपास ठरलेले असतात, त्यात फिनेल, झेरॉक्स, नळाची तोटी, ट्यूबलाइट, इन्व्हर्टरची बॅटरी सगळं आलं. मैदानी भागात एका पीएचसीमागे ३० हजार लोकसंख्या धरतात, डोंगराळ आणि आदिवासी भागात २० हजार. करा हिशोब, माणशी किती पडतात. त्यातही हप्ता मार्चच्या तोंडावर आला तर खर्च करायला दिवसच उरत नाहीत.

लाईटचं बघा. लसी ठेवायचा फ्रीज असतो, आयएलआर म्हणतो आम्ही त्याला, त्यात तापमान २ ते ८ डिग्रीच्या मध्ये राहायलाच हवं. लोकांना वाटतं गरम झाली की लस खराब होते, पण पेंटाव्हॅलंट, टीडी, हिपॅटायटिस बी या लसी गोठल्या तरी बाद होतात. आम्ही सकाळ संध्याकाळ तापमान लिहायचो, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, आणि लाईट जास्त वेळ गेली की आइसपॅक भरून कोल्ड बॉक्समध्ये लसी हलवायच्या. पावसाळ्यात तीन तीन दिवस लाईट नसायची तेव्हा मी स्वतः एसटीने तालुक्याला कोल्ड बॉक्स घेऊन गेलेय. नंतर तिथे सोलर बसलं आणि फ्रीज, प्रसूतीगृह, पंप असं सगळं एका झटक्यात सुटलं, म्हणून मला कोणी एकच गोष्ट मागायला सांगितली तर प्रत्येक पीएचसी आणि उपकेंद्रावर सोलर मागेन, मात्र पाच वर्षांनी बॅटरी कोण बदलणार ते पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घेऊन.

आता औषधं, हा माझा विषय म्हणून जरा लांबणार. सर्पदंशाचा पेशंट आला की विषावरच्या इंजेक्शनच्या सुरुवातीलाच ८ ते १० व्हायल म्हणजे बाटल्या लागतात, स्टोअरमध्ये ४ असतील तर ते असून नसल्यासारखं. विंचूदंशाचं उदाहरण तर आपल्या घरचं आहे, डॉ. हिंमतराव बावस्करांनी रायगडमधल्या बिरवाडीच्या पीएचसीतून हे काम सुरू केलं, पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या स्वस्त गोळीने विंचवाने होणारे मृत्यू किती खाली आले ते सगळं जग वाचतंय. पण ती गोळी रात्री दोन वाजता त्या कपाटात असली तरच ना. आमच्याकडे व्हायचं असं की मागणी करायची एक आणि यायचं दुसरंच. मागच्या वर्षीच्या वापरावर मागणी काढतात आणि मागच्या वर्षी औषध आलंच नसेल तर वापर शून्य दिसतो, म्हणजे पुढच्या वर्षी पण शून्य. बीपी-शुगरच्या गोळ्या एका महिन्याच्या म्हणून मागवायच्या आणि मिळायच्या दहा दिवसांच्या, मग म्हातारी माणसं दहा दिवसांनी परत यायला भाड्याला पैसे नाहीत म्हणून गोळी सोडून देतात आणि दोन वर्षांनी लकवा होऊन येतात. हे मी नावानिशी बघितलंय.

तमिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं. तिथे जिल्ह्याजिल्ह्यात गोदामं, प्रत्येक दवाखान्याला पासबुक, त्या पासबुकात वर्षाची रक्कम आणि त्यात बसेल ते औषध त्या दवाखान्याने आपल्या गरजेप्रमाणे उचलायचं. बॅच तपासून पास झाल्याशिवाय गोदामातून बाहेर पडत नाही. मला यातलं सगळ्यात काय आवडतं तर काय हवं ते खालचा माणूस ठरवतो. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदीचं स्वतंत्र प्राधिकरण कायदा करून आणलंय, चांगली गोष्ट आहे, पण खरेदी वेगात झाली आणि गोदाम ते पीएचसी गाडीच नसली तर फरक पडणार नाही. आमच्याकडे अँब्युलन्समधून औषधं आणायचो, तेवढा वेळ पेशंटला गाडी नाही.

यंत्रांचं थोडक्यात. २०१५ पासून केंद्राची एक योजना आहे, प्रत्येक यंत्रावर नंबरचं स्टिकर, बिघडलं की फोन करायचा, पीएचसीतली यंत्रं ८० टक्के वेळ आणि जिल्हा रुग्णालयातली ९५ टक्के वेळ चालू राहायला हवीत अशी अट. स्टिकर आहे का बघा आणि शेवटची दुरुस्ती कधी झाली ते विचारा.

आणि आग. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात १० बाळं गेली, त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडसाठी केलेल्या आयसीयूत त्या दिवशी ११ रुग्ण गेले. वायरिंग, लोड, अग्निशमन यंत्रणा, बाहेर पडायचा दुसरा दरवाजा, हे सगळं पण इन्फ्रास्ट्रक्चरच आहे पण रिबन कापायच्या यादीत ते कधी नसतं.

माणसांबद्दल लोक म्हणतात डॉक्टर गावात राहायला तयार नाहीत. बरं, क्वार्टर बघितलंय का कोणी? आमच्या एका मॅडमच्या क्वार्टरला कडी नव्हती, साप निघाला होता, लहान मूल होतं त्यांचं. त्या तरी दीड वर्ष राहिल्या. क्वार्टर, कुंपण, रात्रीचा शिपाई हे नसताना बाईमाणसाला रात्रपाळीला थांब म्हणायचं हे मला कधीच पटलं नाही. आशाताई तर हजार लोकसंख्येमागे एक, आणि अख्खी व्यवस्था त्यांच्या पायांवर चालते.

पैशाचं म्हणाल तर २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी खर्च जीडीपीच्या अडीच टक्के करू आणि राज्यं २०२० पर्यंत आपल्या बजेटचे ८ टक्क्यांहून जास्त आरोग्याला देतील. ते झालेलं नाही, आणि याचा आमदारांना कोणी प्रचारात जाब विचारल्याचं मी तरी पाहिलं नाही.

तुमच्या नवीन रुग्णालयाचं काम सुरू व्हायच्या आधी तालुका आरोग्य अधिकारी आणि रुग्णालयाचे अधीक्षक यांना लेखी विचारा: पाणी कुठून येणार आणि उन्हाळ्यात किती, लाईटचं बिल कोणत्या हेडमधून म्हणजे खर्चाच्या कोणत्या खात्यातून, पदं मंजूर झाली का (इमारतीची मंजुरी आणि पदांची मंजुरी वेगवेगळी असते, इमारत उभी आणि स्टाफ नाही असं खूप होतं), क्वार्टर त्याच अंदाजपत्रकात आहेत का, आणि हस्तांतरानंतर दुरुस्ती कोणाकडे. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात टाका. रुग्ण कल्याण समितीवर कोण आहे ते पण काढा, शेवटची मीटिंग कधी झाली ते बघा, आणि जमलं तर स्वतः जाऊन बसा त्या मीटिंगला. आमची ती मोटर अशाच एका मीटिंगमध्ये मंजूर झाली होती, गावातले एक निवृत्त गुरुजी उठून म्हणाले की आजच ठराव लिहा, मी इथेच बसतो, आणि ते खरंच सही होईपर्यंत बसून राहिले.