अर्धपुतळ्याचा चेहरा नव्हे, पाठ पाहावी

लंडनमधील एका विक्रेत्याकडून घेतलेल्या संगमरवरी अर्धपुतळ्याबद्दल, तो खरोखर तितका जुना आहे का, असे आपण विचारले आहे. सोबतच्या पत्रात ‘सोळावे शतक, फ्लोरेन्स, एका उमराव घराण्याच्या संग्रहातून’ एवढाच मजकूर असेल, तर त्याला मालकीचा इतिहास म्हणता येत नाही. त्यात घराण्याचे नाव नाही, विक्रीचे वर्ष नाही आणि वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा एकही कागद नाही.

असा कागद काय करू शकतो, हे सतराव्या शतकातील इटालियन शिल्पकार बर्निनी याच्या पोप पाचवे पॉल यांच्या अर्धपुतळ्यावरून दिसते. कार्डिनल शिपिओने बोर्गेझे यांनी तो १६२१ मध्ये करवून घेतला आणि १८९३ च्या विक्रीपर्यंत तो त्यांच्याच घराण्यात राहिला. पुढे अभ्यासकांना त्याचा माग राहिला नाही. कोपनहेगनच्या संग्रहालयातील ब्राँझ प्रतीवरून मूळ शिल्प कसे होते, एवढे मात्र ठाऊक होते. २०१४ मध्ये ब्रातिस्लाव्हातील लिलावात तो, बर्निनीचा म्हणून न ओळखता, सुमारे २४ हजार युरोंना गेला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतील गेटी संग्रहालयाने घेतला, तेव्हा ३ कोटी ३० लाख डॉलर हा आकडा वृत्तपत्रांत आला. तो देशाबाहेर गेलाच कसा, यावरून स्लोव्हाकियात बराच गदारोळ झाला, कारण मालकीची पावती आणि निर्यातीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इटलीत १९०९ पासून प्राचीन व कलात्मक वस्तूंच्या निर्यातीवर कायद्याने नियंत्रण आहे. त्यामुळे आपला पुतळा तिथून केव्हा आणि कोणत्या परवान्याने निघाला, हे विक्रेत्याला लेखी विचारावे.

एकोणिसाव्या शतकात फ्लोरेन्समध्ये रेनेसाँच्या (प्रबोधनकाळाच्या) धाटणीचे चेहरे इतके सफाईने घडत होते की तिथल्या बास्तियानिनी या शिल्पकाराचे एक मृत्तिकाशिल्प (प्रत्यक्षात तंबाखू कारखान्यातल्या कामगारावरून केलेले!) पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने पंधराव्या शतकातील म्हणून विकत घेतले होते. म्हणून चेहऱ्याच्या देखणेपणावर मी फारसा विसंबत नाही. पाठ किती पोकळ केली आहे, तिथे छिन्नीच्या रेघा आहेत की सगळे एकसारखे घासले आहे, नमुन्यावरून दगडात मापे उतरवताना पडणारी बारीक छिद्रे केसांत किंवा वस्त्राच्या चुण्यांत राहिली आहेत का, बैठकीचा दगड धडाच्या दगडाशी जुळतो का, हे आधी पाहावे. बैठक मागाहून बदललेली असणे मात्र अगदी नेहमीचे आहे. तेवढ्यावरून पुतळा बनावट ठरत नाही.

तूर्त कोणत्याही आम्लाने किंवा साबणाने तो धुऊ नये, कारण रंगवलेला यादीक्रमांक किंवा लिलावाच्या चिठ्ठीचा डिंक त्यात निघून जाईल. पाठीची आणि बैठकीच्या तळाची तिरप्या उजेडात घेतलेली छायाचित्रे टाकलीत, तर काळाविषयी अधिक नेमके बोलता येईल.