ताई, आधी कमेंटला उत्तर दे

ताई, काळ्या मसाल्याचं इन्स्टाग्राम पेज सुरू केलंस, छान केलंस. पण रोज तीन पोस्ट टाकायची घाई नको. एकच टाक आणि तिच्याखाली आलेल्या प्रत्येक माणसाशी बोल.

कोणी विचारलं, ‘भाव काय शे?’ तर ‘इनबॉक्स करा’ म्हणू नकोस. भाव तिथेच लिही, अहिराणीत विचारलंय तर अहिराणीतच. पुण्यात नोकरीला असलेल्या आपल्या धुळ्या-जळगावच्या पोरांना त्या दोन शब्दांनीच घर आठवतं. नुसता हात जोडलेला इमोजी म्हणजे उत्तर नव्हे.

मी पापड विकायला लागले तेव्हा एका बाईंनी सगळ्यांसमोर लिहिलं, ‘अर्धे तुटलेले आले.’ मी घाबरून कमेंट पुसली. त्या पुन्हा कधी आल्या नाहीत, आणि ते मला अजून लागतं. आता तिथेच माफी मागते, नवं पाकीट पाठवते आणि ते पोचलं का, हे फोन करून विचारते.

हिवाळ्यात काड्यांवर भाजलेल्या वांग्याच्या भरिताचा व्हिडिओ टाकलास तर स्टोरीत प्रश्नाचं स्टिकर लाव: तुमच्याकडे भरितासोबत काय, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी की पुरी? आलेली उत्तरं नावानिशी पुढच्या स्टोरीत दाखव, पण आधी विचारून.

एकच संदेश एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, पण ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून पाकिटासोबत चिठ्ठी ठेव, नंबर लिही. आणि फॉलोअर विकत घेऊ नकोस, ते मसाला खात नाहीत.