नाव बदलण्याआधी

अगं,

तुझी मेल दोनदा वाचली. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या पुढच्या आवृत्तीला सरळ ७ म्हणावं, नाहीतर नावच नवं घ्यावं, म्हणजे नवी मुलं तिला जुनाट म्हणणार नाहीत, असं तुझं म्हणणं. तळमळ पोचली. माझं पोट वर्षानुवर्षं पर्लवर चाललं, 'पर्ल? अजून वापरतात?' असं कोणी विचारलं की मलाही लागतं.

पण आकड्याने पर्लचं आधीच काय केलंय ते बघ. लॅरी वॉलने ती १९८७ साली बाहेर काढली, १९९४ मध्ये पर्ल ५ आली. २००० साली पर्ल ६ जाहीर झाली, आणि तिची पहिली स्थिर आवृत्ती यायला २०१५ चा नाताळ उजाडला. आली ती वेगळीच भाषा होऊन. मधली पंधरा वर्षं बाहेरच्या माणसाने काय समजायचं? सहा येतेय, मग पाच कशाला शिका! २०१० पासून पर्ल ५ ची नवी आवृत्ती दरवर्षी निघतेय, पण ५.१२, ५.१४, ५.१६ या आकड्यांकडे बघून कोणाला ते जाणवणार? शेवटी ऑक्टोबर २०१९ मध्ये सहाचं नाव राकू झालं. वॉलने संमती देताना बायबलमधलं वचन दिलं होतं, नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यांत कोणी भरत नाही. ते बारसं अगदी योग्य होतं, उशीर मात्र फार झाला. दोन भाषा एका नावाखाली नांदत होत्या आणि दोघींचंही नुकसान होत होतं.

तू म्हणतेस ते प्रकरण निराळं आहे. जून २०२० मध्ये पर्ल ७ जाहीर झालीच होती. मुळात ती ५.३२ च, फक्त स्ट्रिक्ट (ढिसाळ कोड चालू न देणारी शिस्त) आणि वॉर्निंग्ज (संशयास्पद कोडबद्दलचे इशारे) आपोआप चालू. ऐकायला छान. आता माझी २००४ सालची एक स्क्रिप्ट घे. रात्री दोन वाजता क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणाऱ्या सोयीवर, चालते, हजेरीची फाइल वाचते, पगाराचा हिशेब काढून देते. तिच्यात 'माय' न लावलेली, म्हणजे आधी जाहीर न करताच वापरलेली, चाळीसेक व्हेरिएबल्स आहेत. स्ट्रिक्ट चालू केलं की ती कम्पाइललाच अडते, चालायला सुरुवातच होत नाही. ज्या ऑफिसात ती चालते तिथे पर्ल येणारं आता कोणी नाही. तिथल्या लोकांना एक तारखेला एवढंच दिसेल की पगार आला नाही. आणि डेबियन या लिनक्स प्रणालीच्या तर मूळ पॅकेजांतच पर्ल आहे, तेव्हा अशा स्क्रिप्टा किती असतील याचा विचार कर.

ती योजना मागे पडली. मे २०२२ च्या ५.३६ मध्ये मला पटणारा मार्ग निघाला: फाइलच्या डोक्यावर 'यूझ व्ही५.३६' एवढी ओळ लिहिली की स्ट्रिक्ट, वॉर्निंग्ज, 'से' (ओळ छापायची सोपी आज्ञा) आणि फंक्शनच्या सिग्नेचर्स (फंक्शनला काय काय द्यायचं त्याची यादी), सगळं मिळतं. ओळ नसेल तर जुनं जसंच्या तसं चालतं.

तुला खरोखर नवी मुलं आणायची आहेत ना? मग ती पहिल्या दिवशी काय वाचतात ते बघ. शोधलं की नव्वदच्या दशकातले धडे हाती येतात, दोन आर्ग्युमेंटांचं 'ओपन' आणि मोकळी फाइलहँडल्स अशा फाइल उघडायच्या जुन्या पद्धती शिकवणारे. वरची पाटी बदलून हे धडे आत तसेच राहिले तर नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. तुझं लिखाण सोपं असतं. त्या धड्यांतली दहा उदाहरणं ५.३६ च्या पद्धतीने लिहून काढ; प्रस्ताव त्यानंतर मांड, मी त्यावर बसेन तुझ्याबरोबर.

ती पगाराची स्क्रिप्ट सोबत पाठवतोय. वर ती एक ओळ टाकून चालव आणि कुठे कुठे अडते ते शनिवारी फोनवर सांग.